बारा फुटी वाघ आणि एकच गोळी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात संस्थानी काळातल्या शिकारी रायफलींवर लेख आला आणि त्यानंतर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप यांची रांगच लागली, त्यातले निम्मे प्रश्न एकाच धाटणीचे, की आमच्या घरात अमुक गोष्ट सांगतात ती खरी का हो. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच देतोय. आपल्याकडे वाघाची शिकार 1970 ला बंद झाली, 1972 ला वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यामुळे खालचं जवळजवळ सगळं इतिहास म्हणूनच वाचायचं.

आजोबांनी मेळघाटात बारा फुटी वाघ मारला असं आमच्याकडे सांगतात. बारा बोअरची दुनळी, एकच गोळी, बरोबर कपाळाच्या मधोमध. कातडं होतं तेव्हा काकांनी मोजलेलं, 11 फूट 8 इंच भरलं. चुलतभाऊ म्हणतो सगळ्या थापा. कोण बरोबर? (एक वाचक, अमरावती)

काकांनी टेप नीट धरली असणार आणि तरीही वाघ बारा फुटी नव्हता. कातड्याची लांबी म्हणजे वाघाची लांबी नाही. ओलं कातडं जमिनीवर पसरून कडेने खुंट्या मारून सुकवायचे, सुकवणाऱ्याने लांबीकडे जरा जोर लावला की फूटभर आरामात वाढतं, कधी त्याहूनही जास्त, मग रुंदी कमी होते पण रुंदी कोण मोजतो. त्यामुळे कातड्यावरून सांगितलेला कुठलाही आकडा मी धरतच नाही.

अख्खा वाघ मोजायच्या दोन पद्धती होत्या. एक खुंट्यांची. वाघ ताठरायच्या आत सपाट जागी आडवा करायचा, मान आणि शेपूट ओढून सरळ रेषेत घ्यायची, नाकाच्या टोकाशी एक खुंटी ठोकायची, शेपटीचं शेवटचं हाड बोटाने चाचपून तिथे दुसरी (पुढचे केस धरायचे नाहीत), मग वाघ बाजूला काढायचा आणि दोन खुंट्यांमधलं अंतर सरळ मोजायचं. यात लबाडीला जागा फार कमी. दुसरी पद्धत म्हणजे टेप नाकापासून डोक्यावरून, मानेवरून, पाठीच्या चढउतारावरून शेपटीपर्यंत अंगालगत न्यायची. तीत त्याच वाघाचे चार-सहा इंच वाढतात, आणि टेप प्रत्येक खळग्यात दाबत दाबत नेली तर अजून. जिम कॉर्बेटने 1930 मध्ये मारलेला पवलगढचा प्रसिद्ध वाघ 10 फूट 7 इंचांचा, तो या दुसऱ्या पद्धतीने, आणि कॉर्बेटने ते तसं स्वच्छ लिहून ठेवलंय. ज्याने पद्धत सांगितली त्याच्या आकड्यावर माझा विश्वास बसतो, ज्याने नुसते फूट सांगितले त्याच्या नाही.

आता तुमच्या भागातलाच आकडा देतो. वनखात्यातले डनबार ब्रँडर हे ब्रिटिश अधिकारी मध्य प्रांतात बरीच वर्षं होते, त्यांनी 42 पूर्ण वाढलेल्या नर वाघांची मापं खुंट्यांनी घेतली. सरासरी 9 फूट 3 इंच. वजनाची सरासरी 420 पौंड, म्हणजे 190 किलोच्या आसपास. अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयात जो अवाढव्य वाघ आहे, 1967 मध्ये उत्तर भारतात मारलेला, 857 पौंडांचा, तोसुद्धा वळणांवरून मोजून 11 फूट 1 इंच, आणि वजनात त्याने आदल्या रात्री खाल्लेलं रेडकू धरलेलं आहे. व्हाइसरॉय लोकांच्या नावावर अकरा-साडेअकरा फुटी वाघ लागलेत खरे, पण तेव्हाच्या शिकारी मंडळीतच किस्सा फिरायचा की लाटसाहेबांच्या वाघाला वेगळी टेप असते, अकरा इंचाचा फूट असलेली.

राहिली कपाळातली गोळी. वाघाचं कपाळ मागे उतरतं असतं, मेंदू लहान असतो आणि बराच मागे असतो, समोरून तोंड वर करून बघणाऱ्या वाघावर जरा वर धरलं की गोळी मेंदूच्या वरून निघून जाते. म्हणून जाणते शिकारी वाघ आडवा होईपर्यंत थांबायचे आणि खांद्यामागे, नाहीतर मानेवर मारायचे. सांगताना मात्र सगळे वाघ कपाळातच मेलेले असतात. बारा बोअरबद्दल म्हणाल तर ते अगदी शक्य आहे. मचाणावरून पंधरा-वीस पावलांवर बारा बोअरच्या अखंड गोळीने किंवा एलजी (मोठ्या छऱ्यांच्या) काडतुसाने वाघ मारल्याची उदाहरणं भरपूर आहेत, तीस-चाळीस पावलांपुढे ती बंदूक त्या कामाची नाही, आणि लांब अंतराच्या गोष्टीत बारा बोअर आली की मी सावध होतो.

तेव्हा आजोबांनी वाघ मारला यावर शंका घ्यायचं मला काही कारण दिसत नाही. चुलतभावाला सांगा, नऊ-सव्वानऊ फुटी वाघ धरा, खांद्यात गोळी धरा, गोष्ट तेवढ्याने लहान होत नाही.

व्हिडिओ गेममध्ये .600 नायट्रो एक्सप्रेस लागली की हत्तीसुद्धा जागेवर उडतो. खरंच मोठ्या रायफलीने जनावर मागे फेकलं जातं का? आणि एका माणसाने छोट्या रायफलीने हजार हत्ती मारले म्हणतात ती थाप आहे का? (अकरावीतला वाचक, सातारा)

पहिल्याचं उत्तर नाही आणि ते तुझ्या फिजिक्सच्या पुस्तकातच आहे. गोळी पुढे जाताना जेवढा रेटा जनावराला देते साधारण तेवढाच मागे तुझ्या खांद्याला बसतो. 190 किलोचा वाघ ज्या धक्क्याने दहा फूट मागे फेकला जाईल त्या धक्क्याने 60 किलोचा शिकारी मचाणाच्या पलीकडे जाऊन पडेल. .600 ची (हा आकडा बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा, इंचात) गोळी 900 ग्रेनची असते, म्हणजे 58 ग्रॅम, रायफलच सात किलोच्या वर, ती दिवसभर खांद्यावर घेऊन फिरायला स्वतंत्र माणूस लागायचा आणि वेळेला तो माणूस शेजारी असेलच असं नाही. जनावर पडतं ते मेंदू, मणका नाहीतर हृदय-फुप्फुस फुटलं म्हणून, फेकलं गेलं म्हणून नाही.

दुसरी गोष्ट मात्र खरी आहे. डब्ल्यू. डी. एम. बेल, स्कॉटलंडचा माणूस, पूर्व आफ्रिकेतल्या करामोजा भागात हस्तिदंतासाठी हिंडला म्हणून त्याला करामोजो बेल म्हणतात. त्याच्या हिशोबात 1,011 हत्ती आहेत आणि त्यातले बहुतेक .275 रिग्बीने, म्हणजे 7 मिलिमीटर माउझर, गोळी 173 ग्रेनची, जेमतेम 11 ग्रॅम. लोक इथपर्यंत सांगतात आणि थांबतात, मग ऐकणाऱ्याला वाटतं छोटी रायफल पुरते. पुढचं सांगत नाहीत. त्याने मेलेल्या हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून मेंदू नक्की कुठे असतो ते बघितलं होतं, बाजूने, समोरून, तिरकं मागून, कुठल्या कोनातून कुठे धरायचं हे त्याला पाठ होतं. त्याची गोळी लांब, पूर्ण पोलादी-तांब्याच्या कवचाची, गोल नाकाची होती, ती आत गेल्यावर फुगत नाही, वाकत नाही, सरळ जाते, आणि हत्तीच्या डोक्यात मेंदूच्या आधी जी पोकळ्या-पोकळ्यांच्या हाडाची जाड भिंत असते तिच्यातून पार जायला हेच लागतं. शिवाय तेव्हाचे हत्ती बंदुकीला बुजलेले नव्हते, तो बराच जवळ जाऊन, सावकाश मारायचा. यातली एक गोष्ट काढली तरी त्याच रायफलीने हत्ती जखमी होऊन निघून जातो, आणि बेलचं ऐकून छोट्या रायफली घेऊन गेलेल्या किती जणांनी असे हत्ती पोटात गोळी घेऊन मरायला सोडले त्याची नोंद कुणी ठेवली नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त चीड याचीच आहे. हजार हत्ती ही मला फुशारकीची गोष्ट वाटत नाही, पण त्या माणसाला नेम कुठे धरायचा ते माहीत होतं हे मान्य करावं लागतं.

मग मोठी रायफल कशाला? जनावर अंगावर आलं तर. वाघ किंवा सिंह धावत आला की वीस मीटर दीड सेकंदात संपतात, तेवढ्यात एक बार, नशीब असेल तर दुसरा. दुनळी रायफलीत दोन नळ्या, दोन घोडे, दोन चाप, एक फुसका गेला तरी दुसरा तयार, बोल्ट मागेपुढे करायची गरज नाही. म्हणून .470 सारख्या दुनळ्या धोक्याच्या जनावरासाठी होत्या, लांबच्या नेमासाठी नव्हेत. आणि जो माणूस त्या धक्क्याला भिऊन चाप ओढताना डोळे मिटतो त्याच्या हातात .470 असून काही उपयोग नाही, त्यापेक्षा त्याने .375 घ्यावी असं तेव्हाचेही अनुभवी लोक सांगायचे.

.465, .470, .475 असे चमत्कारिक आकडे का असतात? सरळ .450 आणि .500 का नाहीत? आमच्याकडच्या एका संग्रहात या तिन्ही बघितल्या. (एक वाचक, कोल्हापूर)

याचं कारण आपल्याच देशात आहे. जॉन रिग्बी कंपनीने 1898 मध्ये .450 नायट्रो एक्सप्रेस आणली आणि ती इतकी चांगली निघाली की हिंदुस्थान आणि आफ्रिकेत मोठ्या शिकारीची ती ठरलेली रायफल झाली. पण ब्रिटिश फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफलही .450 बोअरचीच, आणि त्या मार्टिनी सरहद्दीवर, सुदानात, गावोगाव लोकांच्या हातात गेलेल्या होत्या. सरकारला धास्ती, की शिकारी काडतुसातली गोळी काढून लोक मार्टिनीत वापरतील आणि आमच्यावरच झाडतील. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात आणि सुदानात .450 बोअरवर बंदी आली. लंडनच्या बंदूकवाल्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले संस्थानिक आणि इथले गोरे अधिकारी, ते सोडून कसं चालेल, मग ज्याने त्याने .450 च्या जरा वर सरकून आपापला बोअर काढला. हॉलंड अँड हॉलंडने 1907 ला .465 काढली, कुणी .470, कुणी .475. कामात एकमेकींत काडीचा फरक नाही, एकीने मारलेलं जनावर दुसरीने मेलं नसतं असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. शिकारीच्या गप्पांत मात्र .470 वाले आणि .465 वाले तासन् तास भांडायचे.

हीच भीती पुढे स्वतंत्र भारतातही राहिली. फौजेची म्हणून थ्री नॉट थ्री सामान्य परवान्यावर मिळत नाही, ती प्रतिबंधित बोअरमध्ये धरतात, म्हणून ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने थ्री फिफ्टीन काढली, यंत्रणा ली-एनफिल्डच्या, म्हणजे थ्री नॉट थ्रीच्याच, घराण्यातली पण काडतूस वेगळं, जुन्या ऑस्ट्रियन 8 मिलिमीटर मानलिखरचं. तिची काडतुसं आपल्या पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात व्हायची, तो कारखाना 1869 पासूनचा. विदर्भ-मराठवाड्यात ज्यांच्या घरी रायफल आहे त्यातल्या बऱ्याच जणांकडे हीच. ती सांबर-डुकराच्या ताकदीची रायफल, गव्यासाठी कमी. पूर्ण वाढलेला गवा हजार किलोपर्यंत जातो, आणि थ्री फिफ्टीनच्या एका गोळीत पडलेल्या गव्याच्या गोष्टी मला दाजीपूरच्या बाजूला ऐकायला मिळतात, त्यात बाकीच्या गोळ्या कुणी झाडल्या ते विचारायचं.

सावोच्या दोन सिंहांनी 135 माणसं खाल्ली हे खरं का? त्यात आपले हिंदी मजूर किती होते? (एक वाचक, नाशिक)

1898, आजच्या केनियात सावो नदीवर युगांडा रेल्वेचा पूल चालू होता, मजूर बहुतेक हिंदुस्थानातून नेलेले. दोन नर सिंह, दोघांनाही आयाळ नाही, रात्री तंबूतून माणसं ओढून न्यायचे. पुलाचा इंजिनिअर कर्नल पॅटरसनने 9 डिसेंबरला पहिला आणि 29 डिसेंबरला दुसरा मारला. त्याने आधी जे लिहिलं त्यात 28 हिंदी मजुरांचा आकडा आहे, आणि शिवाय बरेच आफ्रिकी लोक ज्यांची नोंद कुणी ठेवली नाही. पुढे 1924 मध्ये त्याने ती कातडी आणि कवट्या शिकागोच्या फील्ड म्युझियमला 5,000 डॉलरला विकल्या आणि त्यानंतर आकडा 135 झाला. 2009 मध्ये त्या सिंहांच्या हाडांतल्या आणि केसांतल्या कार्बन-नायट्रोजनवरून, म्हणजे आयुष्याच्या शेवटी त्यांनी काय खाल्लं त्यावरून, शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, तो साधारण 35 माणसांचा निघाला, एकाने 24 आणि दुसऱ्याने 11. हा खाल्लेल्यांचा हिशोब आहे, मारून टाकलेले पण न खाल्लेले यात येत नाहीत, तेव्हा 28 ला धक्का लागत नाही आणि 135 मात्र टिकत नाही.

मला सावोच्या गोष्टीत आकड्यापेक्षा रायफल जास्त महत्त्वाची वाटते. पॅटरसनकडे स्वतःची थ्री नॉट थ्री होती, हाताला बसलेली. एका मित्राने मोठ्या बोअरची, जास्त ताकदीची रायफल दिली म्हणून तो एका हाक्याला (माणसं गोंगाट करून जनावर शिकाऱ्याकडे हाकत आणतात तो) ती घेऊन बसला, सिंह पंधरा-वीस पावलांवर येऊन उभा राहिला, याने चाप ओढला आणि नुसतं टक्क वाजलं, बार उडालाच नाही. सिंह आत्ता अंगावर येतो की मग येतो असं झालं पण मागच्या गोंगाटाने तो वळला म्हणून हा वाचला. पुढे त्याच सिंहाला त्याने आपल्या थ्री नॉट थ्रीनेच मारलं. कॉर्बेटचंही बघा, 1907 मध्ये चंपावतच्या वाघिणीवर तीन काडतुसं होती ती संपली, मग पळत जाऊन तहसीलदाराची बंदूक आणली, तिच्या नळ्या आणि बैठकीत फट पडलेली, तोंडावर धरलेली गोळी जाऊन लागली पायाला. ती वाघीण आधीच्या जखमांनी मरत होती म्हणून निभावलं. उसनी बंदूक निशाण्यावर चार बार काढून बघितल्याशिवाय जंगलात नेऊ नये हा यातला धडा, आपला फसलेला बार दोघांनीही प्रामाणिकपणे लिहिलाय, आणि ज्या शिकाऱ्याच्या आठवणीत असा एकही फसलेला बार नाही त्याच्या बाकीच्या बारांबद्दल मला शंका येते.

असेच फुगलेले आकडे शिकाऱ्यांच्या बाजूनेही आहेत. सरगुजाच्या महाराजांनी साठच्या दशकात एका अमेरिकन अभ्यासकाला पत्राने स्वतःचा आकडा 1,150 वाघ असा कळवला होता. लोकांना तो कमी वाटला की काय कोण जाणे, 1,700 पर्यंत नेऊन ठेवलाय. 1,150 हा आकडा ऐकूनच पोटात गोळा यायला पाहिजे खरं तर.

वाघाचे डोळे अंधारात आपोआप निखाऱ्यासारखे पेटतात का? (एक वाचक, लातूर)

नाही. डोळ्याच्या मागे परावर्तन करणारा पडदा असतो, त्यावर उजेड पडला तरच चमकतात. अमावस्येच्या रात्री, टॉर्च नाही, शेकोटी नाही आणि तरी डोळे पेटलेले दिसले असं कुणी सांगितलं तर ती लोणकढी समजायची.

माझे मामा ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांचे वडील चांदा जिल्ह्यात शिकारीला जायचे आणि मामा लहानपणी बरोबर असायचे. त्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या आहेत. पण दर वेळी वाघ मोठा होत जातो. खरं-खोटं कसं ओळखू? (एक वाचिका, सांगली)

ताई, आधी रेकॉर्ड करा, आजच करा, गाळायचं काम नंतर. मध्येच त्यांना अडवून "मामा, मागच्या वेळी तर दहा फुटी होता" असं म्हणू नका, माणूस गप्प होतो आणि मग काहीच मिळत नाही.

फूट, बोअर आणि अंतर हे तीन आकडे दर सांगण्यात वाढतात, त्यांच्या मागे लागूच नका. ज्या गोष्टींत सांगणाऱ्याला फुशारकी मारण्यासारखं काही नाही त्या विचारा, तिथे माणूस सहसा थापा मारत नाही. काडतुसं कुठून आणायचे, किती असायची, पावसाळ्यात दमट व्हायची तर काय करायचे. मचाण कुणी बांधलं, कुठल्या झाडावर. गारा म्हणून, म्हणजे वाघाला आमिष म्हणून, काय बांधायचे, रेडा का बकरा, त्याचे पैसे कोण द्यायचं. हाक्याला माणसं कुठल्या गावची, मजुरी काय, पैसे का धान्य. वाघ पडल्यावर गावात आणताना काय केलं, चरबी कुणी नेली (संधिवाताला म्हणून तिला फार मागणी असायची), नखं किती उरली, मिशा जाळल्या का. मिशा पोटात गेल्या तर विषबाधा होते अशी समजूत होती म्हणून बऱ्याच ठिकाणी त्या आधीच जाळून टाकायचे. अशा तपशिलांतून तो दिवस उभा राहतो, मग वाघ नऊ फुटी होता का दहा याने फारसं बिघडत नाही.

आणखी एक विचारा, पहिली गोळी कुणाची. शिकारीचा रिवाज असा होता की ज्याची गोळी पहिली लागली त्याचा वाघ. पाहुणा साहेब असेल, मोठा अधिकारी असेल तर त्याचा बार शेपटाला चाटून गेला तरी वाघ त्याचाच, आणि ज्या स्थानिक शिकाऱ्याने पुढे रक्ताच्या मागावर जाऊन तो संपवला त्याचं नाव कुठेच नाही. त्या माणसाचं नाव मामांना आठवत असेल तर ते तुमच्या सगळ्या रेकॉर्डिंगमधलं सर्वांत मोलाचं आहे.

आणि सर्वांत अवघड प्रश्न शेवटी, हळूच विचारा. जखमी होऊन निसटलेले किती, आणि हाक्यात कुणाला लागलं का. हाकेकरी म्हणजे गोंड, कोरकू, आजूबाजूच्या गावची गरीब माणसं, हातात काठ्या आणि डबे, आणि जखमी वाघ मचाणावर चढत नाही, तो ह्यांच्या रांगेत घुसतो. पेनिसिलिन यायच्या आधी वाघाच्या पंजाची जखम म्हणजे चार-सहा दिवसांत अंगात विष पसरून मरण, मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पोचलेला माणूसही वाचेल याची खात्री नसायची, इथे तर दवाखानाच तीस-चाळीस मैल लांब. बारा फुटी वाघाच्या गोष्टीत हे कधीच येत नाही. मामा सांगतील, ऐंशी वर्षांच्या माणसाला ते आता मनावरून उतरवायचं असतं, तुम्ही फक्त घाई करू नका. आणि ते सांगताना त्यांनी आकडा कमी-जास्त सांगितला तर खुशाल तसाच राहू द्या.

कामानिमित्त जोहान्सबर्गला असतो. ऑफिसमधले लोक शिकारीला बोलावतायत, कायदेशीर आहे, परवाने वगैरे तेच काढतात. .375 भाड्याने घेऊ का .458? (एक वाचक, दक्षिण आफ्रिका)

माझं मत विचाराल तर बंदूक न घेता बरोबर जा, माग काढणाऱ्या ट्रॅकरच्या मागे चाला, त्यातच सगळं शिकायला मिळतं. पण तुम्ही रायफल विचारलीय तर रायफलीचं सांगतो. .375 हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम 1912 पासून आहे, 300 ग्रेनची गोळी सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास, आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत धोक्याच्या जनावरासाठी कायद्याने किमान म्हणून हिच्याच आसपासचा बोअर धरतात. .458 विंचेस्टर मॅग्नम 1956 ची, महागड्या .470 दुनळीची ताकद साध्या बोल्ट रायफलीत आणायची म्हणून काढली, सुरुवातीच्या काडतुसांत दारू इतकी ठासलेली असायची की ती गठ्ठा व्हायची आणि वेग पडायचा, आता तसं राहिलं नाही. तुम्ही आयुष्यात मोठी रायफल चालवलेली नाही, तेव्हा .375, आणि तीही आदल्या दिवशी निशाण्यावर उभ्याने, तिवईवर टेकून, चालवून बघितल्याशिवाय नाही. टेबलावर बसून मारलेला नेम तिथे उपयोगाचा नाही.

एक मात्र खणखणीत विचारा, जनावर जंगलातलं आहे का कुंपणात वाढवलेलं. तिथे सिंह पिंजऱ्यात वाढवून कुंपणात सोडून मारायचा मोठा धंदा झालाय, तो बंद करायचं 2021 मध्ये त्यांच्या सरकारने जाहीर केलं. उत्तर देताना समोरचा अडखळला तर जाऊच नका, ऑफिसमध्ये काय म्हणायचं ते म्हणू देत.

वडील गेले. कपाटात त्यांची थ्री फिफ्टीन आणि भिंतीवर बिबट्याचं जुनं कातडं आहे. दोन्ही आठवण म्हणून ठेवायचं आहे. विकायचं नाही. काय करावं? (एक वाचक, नांदेड)

रायफल आधी. परवाना वडिलांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला, आता ती तुमच्या घरात ठेवणं बेकायदा होतं, मग तुम्ही तिला हात लावा नाहीतर लावू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पोच पावती घ्या आणि ती जपून ठेवा. मग वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करा, मृत्यूचा दाखला, वडिलांचा मूळ परवाना आणि भाऊ-बहिणींचं ना हरकत पत्र लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त हत्यारं ठेवता येत नाहीत, तुमच्याकडे आधीच दोन असतील तर ही तिसरी बसणार नाही.

कातड्याचं वेगळं. वडिलांकडे वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र होतं का ते पहिल्यांदा शोधा, जुन्या फायलीत, ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात, कुठेही असतं. असेल तर वारसाने ते तुमच्याकडे येऊ शकतं, पण वारसा मिळाल्यापासून 90 दिवसांत वनखात्याकडे तसं लेखी जाहीर करावं लागतं. विकायचं तर नाहीच म्हणता, पण कुणाला भेटही देता येत नाही, मित्राच्या फार्महाऊसवर लावायलासुद्धा नाही. प्रमाणपत्र सापडलं नाही तर कातडं घरातून हलवू नका, एखादा वकील बरोबर घेऊन उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात स्वतःहून जा आणि लेखी कळवा. तारीख बघा, 90 दिवस वडील गेल्याच्या दिवसापासूनचे धरून चला, आणि पत्रावरून त्यातले बरेच गेलेले दिसतायत.